कोल्हापुरात ‘इंटरनॅशनल’ शाळेत प्रवेश: कागदोपत्री नेमकं काय तपासायचं?

रंकाळा_सांज

नमस्कार. आम्ही राजारामपुरीत राहतो. मुलगी सिनियर केजीत आहे, येत्या वर्षी पहिलीत जाईल. मुलगा सहावीत, स्टेट बोर्ड, सेमी-इंग्रजी. दोघांना एकाच शाळेत घालावं म्हणून शहराबाहेरच्या तीन शाळा पाहिल्या. तिन्हींच्या नावात ‘इंटरनॅशनल’ आहे, बाकी काहीच सारखं नाही. एक सीबीएसईची आहे. दुसरीत केंब्रिज, म्हणजे ब्रिटनच्या परीक्षा मंडळाचा अभ्यासक्रम, शिकवतात, पण दहावीची पहिली बॅच अजून बाहेर पडायची आहे. तिसरी म्हणते, आम्ही आयबीचे (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या परदेशी बोर्डाचे) ‘कॅन्डिडेट’ आहोत, वर्षभरात मान्यता येईल.

शाळा सांगते ते खरं आहे का, हे पालकानं कुठल्या कागदावर बघायचं? पुढं मुलांनी इथंच इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जायचं ठरवलं तर केंब्रिज-आयबीमुळं अडतं का? मुलाला सातवीत हलवायला उशीर झालाय का? फीचा आकडा तिन्हीकडं तोंडीच सांगितला, दरवर्षी वाढ किती याला उत्तर मिळालं नाही. आणि मुलीचा जन्म नोव्हेंबरचा, येत्या नोव्हेंबरात सहा पूर्ण होतील, तरी एका शाळेनं पुन्हा वर्षभर केजीत बसवा म्हणून सांगितलंय. हे नियमात बसतं का?

शाळांची नावं मुद्दाम लिहिली नाहीत. चांगली शाळा कुठली यापेक्षा तपासायचं कसं, ते सांगा.

दप्तर_तपासणी

ताई, आधी वयाचं सांगतो, ते सोपं आहे. राज्याच्या नियमाप्रमाणं पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. नोव्हेंबरात पूर्ण होत असतील तर मुलगी बसते. शाळेला वाटत असेल की ती लहान पडेल, तर तो सल्ला झाला, नियम नव्हे. नियम असल्याचं म्हणत असतील तर लेखी मागा.

आता नावाचं. ‘इंटरनॅशनल’ या शब्दावरून बोर्ड कळत नाही. सीबीएसईच्या कितीतरी शाळांच्या नावात तो आहे आणि वर्गात एनसीईआरटीचाच अभ्यासक्रम चालतो. प्रवेशद्वारावर ब्रिटिश कौन्सिलच्या ‘इंटरनॅशनल स्कूल अवॉर्ड’चं बोधचिन्ह दिसलं तरी तो उपक्रमांसाठी मिळालेला पुरस्कार असतो. बोर्डाच्या मान्यतेशी त्याचा संबंध नाही.

तपासायचे कागद दोन थरांत येतात आणि पालक बहुतेक वेळा दुसराच थर बघतात. पहिला थर राज्य सरकारचा. शाळा कुठल्याही बोर्डाची असो, तिला राज्याची परवानगी लागते. खासगी विनाअनुदानित नवी शाळा असेल तर ती बहुधा २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली असते. त्या परवानगीच्या पत्रात कुठल्या इयत्तेपासून कुठल्या इयत्तेपर्यंत, हे लिहिलेलं असतं. परवानगी पाचवीपर्यंतची आणि वर्ग आठवीपर्यंत भरलेले, असा प्रकार इथंच उघडा पडतो. पहिली ते आठवीसाठी आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालचं स्वमान्यता प्रमाणपत्र, म्हणजे ‘नमुना २’, मागा. ते तीन वर्षांचं असतं, तेव्हा संपायची तारीख बघा. आणि यू-डायस, म्हणजे देशभरच्या शाळांच्या सरकारी नोंदीतला, क्रमांक घ्या. तो ११ अंकी असतो, महाराष्ट्रातल्या शाळेचा २७ नं सुरू होतो. यू-डायसच्या संकेतस्थळावर तो टाकला की शाळेचं नाव, पत्ता, इयत्ता दिसतात. शहरातली शाळा असेल तर महापालिकेची प्राथमिक शिक्षण समिती आणि हातकणंगले, करवीर, कागलकडची असेल तर जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग, इथंही विचारता येतं.

दुसरा थर बोर्डाचा. सीबीएसईच्या शाळेला संलग्नता क्रमांक असतो, महाराष्ट्रातले क्रमांक ११३ नं सुरू होतात. सीबीएसईच्या ‘सारस’ पोर्टलवर तीन गोष्टी जुळवा: पत्ता, स्तर आणि मुदत. पत्ता सगळ्यात महत्त्वाचा. एकाच संस्थेच्या दोन शाळा असल्या की एकीचा क्रमांक दुसरीच्या माहितीपत्रकावर छापला जातो. मग नववीला बोर्डाची नोंदणी होते ती दुसऱ्याच शाळेच्या नावावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर पालकानं कधी न पाहिलेल्या शाळेचं नाव येतं. स्तर म्हणजे दहावीपर्यंत की बारावीपर्यंत. ‘लवकरच अकरावी’ हा स्तर नसतो.

सीबीएसईच्या शाळेला स्वतःच्या संकेतस्थळावर ‘परिशिष्ट ९’ प्रसिद्ध करावंच लागतं. अग्निसुरक्षा, इमारत सुरक्षा, पाणी-स्वच्छता यांची प्रमाणपत्रं, शिक्षकसंख्या, गेल्या तीन वर्षांचे बोर्डाचे निकाल, सगळं त्यात येतं. मी तर म्हणेन, शाळा बघायला जायच्या आधी हे वाचावं. दर तुकडीमागं दीड शिक्षक हवा असा बोर्डाचा दंडक आहे. २४ तुकड्या असतील तर ३६ शिक्षक झाले पाहिजेत. यादीतली नावं मोजा. दुवा उघडत नसेल किंवा प्रमाणपत्राची तारीख उलटून गेलेली असेल, तर शाळेचं कार्यालय कसं चालतं ते तिथंच समजतं.

केंब्रिजच्या शाळेला केंद्र क्रमांक असतो, भारतातला ‘आयएन’ या अक्षरांनी सुरू होतो. इथं विचारायचं ते टप्प्याचं. प्रायमरी, लोअर सेकंडरी, आयजीसीएसई (दहावीच्या पातळीची परीक्षा) आणि ए लेव्हल (बारावीच्या पातळीची) हे वेगवेगळे टप्पे आहेत. लहान वर्गांत केंब्रिजची पुस्तकं वापरणं आणि आयजीसीएसईची परीक्षा घेणारं केंद्र असणं यात फार अंतर आहे.

आयबीचं तर आणखी काटेकोर. पीवायपी (प्राथमिक), एमवायपी (माध्यमिक), डीपी (अकरावी-बारावीचा डिप्लोमा) या प्रत्येक कार्यक्रमाला स्वतंत्र मान्यता लागते. ‘वर्ल्ड स्कूल’ म्हणजे मान्यता मिळालेली. ‘कॅन्डिडेट’ म्हणजे अर्जदार. अर्जदार असल्यानं मान्यता मिळेलच असं नाही, हे शाळेनं जाहीरपणे सांगावं अशी आयबीचीच अट आहे. त्यामुळं ‘वर्षभरात येईल’ असं ठामपणे सांगणारी शाळा आपल्या हातात नसलेल्या गोष्टीची हमी देते आहे. त्यांना एवढंच विचारा: मान्यता आली नाही तर मूल कुठल्या बोर्डाची दहावी देणार? उत्तर ई-मेलवर घ्या.

बारावीनंतर_पुढे

वरचं सगळं पटतं. मी दहावी-बारावीच्या बाजूनं सांगते, कारण पहिलीच्या प्रवेशाला या गोष्टी कुणी विचारत नाही आणि पुढं त्याच नडतात.

केंब्रिजमध्ये निकालाची वेळ हा खरा प्रश्न आहे. आयजीसीएसईच्या मे-जून फेरीचा निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतो. तोवर आपली अकरावीची प्रवेशप्रक्रिया बरीच पुढं गेलेली असते. म्हणून भारतासाठी फेब्रुवारी-मार्चची फेरी आहे, तिचा निकाल मे महिन्यात येतो. पण त्या फेरीत सगळे विषय नसतात. तेव्हा शाळेला विचारा, तुम्ही मुलांना कुठल्या फेरीला बसवता आणि कुठले विषय त्या फेरीत मिळतात? तुमच्या दुसऱ्या शाळेची पहिली बॅचच व्हायची आहे, त्यामुळं हे त्यांनी ठरवलंय का, एवढ्यावरून तयारी दिसेल.

दुसरी गोष्ट समकक्षतेची. परदेशी बोर्डाची दहावी-बारावी आपल्याकडच्या बरोबरीची धरायची का, हे एआययू, म्हणजे भारतीय विश्वविद्यालय संघ, ठरवतो. दहावीच्या बरोबरीसाठी आयजीसीएसईचे पाच विषय लागतात आणि त्यांत किमान ‘सी’ श्रेणी. मुलं चार विषय चांगले करतात, पाचव्यात ‘डी’ येते आणि मग धावपळ होते. त्यामुळं सहा किंवा सात विषय घ्यावेत. आयबी डिप्लोमाला एकूण ४५ पैकी किमान २४ गुण लागतात.

आता प्रवेशपरीक्षा. जेईईकडून आयआयटीला जाताना बारावीला पाच विषय असावे लागतात: भौतिकशास्त्र, रसायन, गणित, एक भाषा आणि आणखी एक. ए लेव्हलची बरीच मुलं तीनच विषय घेतात, कारण परदेशातल्या विद्यापीठांना तेवढे चालतात. इथल्या प्रवेशाला ते कमी पडतात. भाषा आणि पाचवा विषय अकरावीतच धरून ठेवायचे.

आयबीत मेडिकलवाल्यांची अडचण निराळी. डिप्लोमात सहा विषय: दोन भाषा, एक समाजशास्त्र गटातला, एक विज्ञान, एक गणित आणि सहावा कला गटातला किंवा त्याऐवजी दुसरा एखादा. सहाव्या जागी दुसरं विज्ञान घेता येतं, पण तिसऱ्याला नेहमीच्या रचनेत जागाच उरत नाही. मेडिकलच्या ‘नीट’ प्रवेशपरीक्षेला तर भौतिक, रसायन, जीव तिन्ही हवेत. यासाठी ‘नॉन-रेग्युलर डिप्लोमा’ची परवानगी आयबीकडून आधी काढावी लागते आणि ते काम शाळेच्या समन्वयकाचं असतं. ज्या समन्वयकाला हा शब्द माहीत नाही, त्या शाळेत मेडिकलचं स्वप्न घेऊन जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगते.

एमएचटी-सीईटीचं, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशपरीक्षेचं, वेगळंच. तिचा पाया स्टेट बोर्डाच्या अकरावी-बारावीवर आहे, साधारण २० टक्के अकरावी आणि ८० टक्के बारावी. केंब्रिज-आयबीतून येणाऱ्या मुलाला गणिताचे काही धडे सुटलेले सापडतात आणि दोन वर्षांत प्रकल्प, ४,००० शब्दांपर्यंतचा निबंध, सामाजिक काम हे सगळं करून क्लास करणं अंगावर येतं. म्हणून इथंच इंजिनिअरिंगचा विचार पक्का असेल तर दहावी आयजीसीएसई आणि अकरावी-बारावी स्टेट बोर्ड किंवा सीबीएसई, असा रस्ता पुष्कळ जण धरतात. तो चालतो, फक्त अकरावीचे पहिले चार महिने गणित-विज्ञानाला जादा वेळ द्यायची तयारी ठेवा.

मुलाचं सांगायचं तर सातवीत हलवणं वेळेवर आहे. नववी हा शेवटचा दरवाजा समजा. सीबीएसई नववीला आणि अकरावीला मुलांची नोंदणी करतं. थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश हवा तर पालकांची बदली वगैरे कारण आणि बोर्डाची परवानगी लागते. सेमी-इंग्रजी असल्यानं गणित-विज्ञान इंग्रजीतूनच झालेलं आहे, ते जड जाणार नाही. जड जाईल ते इतिहास-भूगोल इंग्रजीतून लिहिणं, शिवाय हिंदी-संस्कृतचा स्तर. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. सहावीची परीक्षा संपली की लगेच सातवी, मधली सुट्टी जवळजवळ जाते. हे मुलाला आधी सांगून ठेवा.

दोघांना एकाच शाळेत घालायचा हट्ट मात्र सोडून बघा. मुलीपुढं दहा वर्षं आहेत, मुलापुढं चार. पहिली बॅच अजून न निघालेली शाळा मुलीसाठी चालू शकेल, मुलासाठी नाही.

रंकाळा_सांज

दोघांचेही मनापासून आभार. शेवटचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. आणखी एक विचारते. घरातून असंही सुचवलं जातंय की मुलाला आठवीपासून बेळगावच्या बोर्डिंगला ठेवा, पाचगणीपेक्षा जवळ आहे. त्याचा कल डॉक्टर व्हायचाय. काही अडचण?

बारावीनंतर_पुढे

ताई, थांबा. अडचण मोठी आहे. महाराष्ट्रातल्या एमबीबीएसच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी डोमिसाईल तर लागतंच, पण दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून उत्तीर्ण व्हावं लागतं. केंद्र सरकारी नोकरीसारख्या काही वर्गांना सूट आहे, ती सोडून. बेळगाव कर्नाटकात. तिथून दहावी केली तर पिढ्यानपिढ्या कोल्हापूरचे असलात तरी राज्य कोट्याचं दार बंद होतं. राज्यातल्या सरकारी कॉलेजांत उरतो तो १५ टक्के अखिल भारतीय कोटा. पाचगणी सातारा जिल्ह्यात, म्हणून तिथं ही भानगड नाही, बोर्ड कुठलंही असलं तरी. अंतर नकाशावर मोजू नका, राज्याच्या हद्दीवर मोजा.

इंजिनिअरिंगला नियम सैल आहे. तिथं तुमचं किंवा मुलाचं महाराष्ट्राचं डोमिसाईल असलं तरी उमेदवारीच्या दुसऱ्या प्रकारात (‘टाइप बी’) राज्याच्या जागांसाठी अर्ज करता येतो.

पावती_दाखवा

फीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

महाराष्ट्रात फी नियमनाचा २०११ चा कायदा आहे आणि तो सगळ्या बोर्डांच्या खासगी शाळांना लागतो. ‘आमचं बोर्ड परदेशी आहे, आम्हाला लागू नाही’ हे चुकीचं आहे. शाळेचं वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा आणि त्याच्या कार्यकारी समितीतले पालक सोडत काढून निवडायचे असतात. फीचा प्रस्ताव व्यवस्थापनानं पुढचं वर्ष सुरू व्हायच्या सहा महिने आधी या समितीपुढं ठेवायचा. मान्य झालेली फी फलकावर लावायची. शाळा बघायला जाल तेव्हा तो फलक शोधा आणि समितीतल्या एका पालकाशी बोला. समितीत कोण आहे हे कार्यालयातल्या कुणालाच सांगता येत नसेल, तर फी कशी ठरते ते उघड आहे. वाद झाला तर विभागीय समितीकडं जाता येतं, २०१८ च्या दुरुस्तीनंतर २५ टक्के पालकांनी मिळून तक्रार करावी लागते. एकट्यानं जाऊन फार होत नाही, म्हणून संघ जिवंत असणं महत्त्वाचं.

आता आकडा काढायचा कसा. ‘ट्यूशन फी’ एवढीच विचारू नका. एका कागदावर ओळीनं लिहून घ्या: प्रवेश शुल्क, अनामत आणि ती कधी, कशी परत मिळते, सत्र शुल्क, बस, जेवण, गणवेश, पुस्तकं, सहली, टॅब किंवा लॅपटॉप, परीक्षा शुल्क. केंब्रिजचं परीक्षा शुल्क विषयागणिक असतं, ते वार्षिक फीत धरलंय की दहावीला वेगळं, हे विचारा. दहावीच्या वर्षी सात विषयांचं शुल्क एकदम अंगावर आलं की घराचं अंदाजपत्रक कोलमडतं.

मग वाढ धरा. समजा पहिलीचा सगळा मिळून खर्च १ लाख २० हजार. दरवर्षी १० टक्के वाढ धरली तर दहावीच्या वर्षाचा खर्च जातो साधारण २ लाख ८३ हजारांवर आणि दहा वर्षांची बेरीज होते १९ लाख १२ हजार. वाढ न धरता बेरीज १२ लाख येते. या दोन आकड्यांमधले सात लाख कुणी माहितीपत्रकात लिहीत नाही. पालक कोसळतात ते सातवी-आठवीच्या सुमाराला आणि तेव्हा बोर्ड बदलणं मुलाला सगळ्यात जड जातं.

देणगी मागितली तर १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्यानुसार ती बेकायदा आहे. जे द्याल त्याची पावती संस्थेच्या नावाची, कशासाठी दिले ते लिहिलेली हवी. प्राप्तिकराची जुनी पद्धत निवडली असेल तर दोन मुलांची ट्यूशन फी दीड लाखाच्या मर्यादेत उत्पन्नातून वजा होते. बस, विकास निधी, देणगी त्यात धरता येत नाही. म्हणूनही पावतीत फोड असू द्या. आणि पुस्तकं-गणवेश एकाच दुकानातून घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही.

शिरोली_नाका

शाळा शहराबाहेरच्या आहेत म्हणून बसचं बघाच. बसचा एमएच-०९ चा क्रमांक एम-परिवहन या सरकारी ॲपमध्ये टाका. फिटनेस, विमा, परवाना, पीयूसी यांच्या तारखा समोर येतात, दोन मिनिटांचं काम. बस शाळेची की ठेकेदाराची, मुली असतील तर महिला मदतनीस शेवटच्या थांब्यापर्यंत असते का, मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखालची परिवहन समिती शेवटची कधी बसली, हेही विचारा. राजारामपुरीतून वेळ मोजायचा तो दुपारी गाडी घेऊन जाऊन नाही, सकाळच्या बसच्या वेळेला, सगळे थांबे धरून. पहिलीच्या मुलीला एका बाजूचे ४० मिनिटांहून जास्त लागत असतील तर मी दुसरी शाळा बघेन.

आणि पुराचं विसरू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं होतं. शाळा नदीच्या पलीकडं असेल तर शाळेला सरळ विचारा: पाणी किती फुटांवर गेलं की तुम्ही बस बंद करता, मुलं शाळेत असताना रस्ता बंद झाला तर कुठं ठेवता, निरोप कोण देतं? ज्या शाळेकडं फुटांत उत्तर आहे, तिनं विचार केलेला आहे. ‘तेव्हा बघू’ म्हणणाऱ्या शाळेत जुलै-ऑगस्टमध्ये तुमचा जीव टांगणीला राहील.

दप्तर_तपासणी

दोन गोष्टी राहिल्या, त्या लिहून थांबतो.

जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, नाव लावताना जात-पोटजात, जन्मस्थळ, आईचं नाव नीट लिहून घ्या आणि नोंदीची प्रत बघून मगच सही करा. या शाळांच्या अर्जात पुष्कळदा जातीचा रकाना नसतो किंवा नुसता प्रवर्ग असतो. पुढं जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. पडताळणीत मुख्य वजन वाडवडिलांच्या जुन्या नोंदींना असतं, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या, पण मुलाच्या दाखल्यावर रकाना मोकळा असला की खेटे वाढतात. शाळा सोडल्यावर अशी दुरुस्ती फार अवघड. मुलाच्या बाबतीत आत्ताच्या शाळेचा दाखला काढताना नाव, जन्मतारीख आधारशी अक्षर न् अक्षर जुळवा आणि नव्या शाळेनं यू-डायसवर त्याला ओढून घेतल्याची खात्री करा. जुन्या शाळेनं तिकडून सोडल्याशिवाय नव्या शाळेला घेता येत नाही आणि ऐन जूनमध्ये हे काम रखडतं.

दुसरं मराठीचं. २०२० च्या कायद्यानं पहिली ते दहावी मराठी शिकवणं सगळ्या बोर्डांच्या शाळांना बंधनकारक आहे, मोडलं तर एक लाखापर्यंत दंड आहे. तरी आठवड्याला तासिका किती, शिकवणारे मराठीचेच शिक्षक आहेत का, पुस्तक कुठलं, हे वेळापत्रक हातात घेऊन बघा. मुलगी पहिलीपासून तिथं जाणार, तिला मराठी वाचता-लिहिता यावं असं घरात वाटत असेल तर आठवड्याला एक तास पुरत नाही. चौथीच्या एखाद्या मुलाची मराठीची वही दाखवा म्हणा. शिक्षकांनी तपासलेली, तारखा घातलेली वही.